राखेला नावं ठेवण्याआधी स्लॅबला पाणी किती दिवस मारलं ते विचारा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की आरएमसीवाले, म्हणजे प्लांटवर तयार काँक्रीट बनवून विकणारे, काँक्रीटमध्ये कोळशाची राख मिसळतात, ही सरळ सरळ भेसळ आहे आणि सरकारने तिच्यावर बंदी आणावी. पत्र छापून आलं आणि आमच्या लॅबचा फोन वाजायचा थांबेना. आमच्या स्लॅबात राख आहे काय बघून द्या, असली तर बिल्डरवर केस करता येते काय, असले प्रश्न. मी फोंड्यात एका खाजगी टेस्टिंग लॅबमध्ये काँक्रीटचे क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे ठोकळे, फोडायचं काम करते, लोकांच्या घरांचे, शाळांचे, पाण्याच्या टाक्यांचे नमुने रोज हाताखालून जातात, त्यामुळे म्हटलं एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकूया. पत्र लांबलंय, कुठे कापायचं ते कापा, फक्त पाण्याचा भाग तेवढा कापू नका प्लीज.

राख नकोच असेल तर त्याला फार उशीर झालाय बघा. तुमचं घर बाजारातल्या पीपीसी सिमेंटमध्ये बांधलं असेल, आणि गावच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलं की बहुतेक तेच पुढे करतात, तर राख तुमच्या प्लास्टरमध्ये, चिऱ्यांच्या सांध्यात आणि बहुधा स्लॅबमध्येही कधीचीच जाऊन बसलीय. पीपीसीची गोणी जरा उलटीपालटी करून बघा, तिच्यावर 'फ्लाय ॲश बेस्ड' असं छापलेलंच असतं, कोणी लपवून ठेवलेलं नाहीये. या सिमेंटसाठी आयएस १४८९ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात १५ ते ३५ टक्के राख चालते, म्हणजे ५० किलोच्या गोणीत साडेसात किलोपासून साडेसतरा किलोपर्यंत राखच. हल्ली कॉम्पोझिट सिमेंट म्हणून जे येतं त्यात तर राख आणि लोखंडाच्या भट्टीत उरणारा मळ म्हणजे स्लॅग, दोन्ही असतं, क्लिंकर म्हणजे असली सिमेंटचा माल निम्म्याच्या आसपास. आणि प्लांटवर ओपीसीमध्ये, म्हणजे बिनराखेच्या साध्या सिमेंटमध्ये, वेगळी राख घालून काँक्रीट करायचं असेल तर त्यालाही आपला काँक्रीटचा मुख्य कोड, आयएस ४५६, परवानगी देतो, फक्त राख आयएस ३८१२ मध्ये बसणारी हवी. मग भेसळ कशाला म्हणायची? दुधात पाणी घालायला कुठला कोड सांगत नाही, इथे कोडच सांगतोय की घाला, पण नियमाने घाला.

लोकांचा गोंधळ का होतो ते कळतं मला. राख म्हटलं की चुलीतली राख डोळ्यासमोर येते, भांडी घासायची. ही ती नव्हे. वीज केंद्रात कोळसा आधी दळून त्याची बारीक पूड करतात आणि ती हवेबरोबर भट्टीत फुंकतात, कोळसा जळून जातो, पण त्यातली माती जळत नाही, ती वितळते आणि धुराबरोबर उडता उडता थंड होऊन तिचे अगदी बारीक काचेचे गोळे होतात. चिमणीत जायच्या आधी विजेचा भार दिलेल्या प्लेटांवर ते पकडतात, ती फ्लाय ॲश. सूक्ष्मदर्शकाखाली सिमेंटचा कण बघितला तर फोडलेल्या खडीसारखा वेडावाकडा दिसतो आणि राखेचा कण गोल गुळगुळीत, म्हणूनच राख घातलेलं काँक्रीट कमी पाण्यातही पाइपातून सुरसुरत पंप होतं. आपल्याकडच्या कोळशात माती भरपूर, तीस-चाळीस टक्के राख उरते, त्यामुळे देशात राखेचा डोंगर. २०२१-२२ या एका वर्षात २७ कोटी टनांच्या आसपास राख तयार झाली, आणि वापरली गेलेल्या राखेतला मोठा वाटा सिमेंट कंपन्याच उचलतात.

आता ती काँक्रीटमध्ये जाऊन करते काय. सिमेंटला पाणी लागलं की दोन गोष्टी तयार होतात, एक तो जेल जो खडी-रेतीला घट्ट धरून ठेवतो, आणि दुसरा चुना. ताकदीच्या हिशोबात या चुन्याचा फारसा उपयोग नाही, उलट गळणाऱ्या पाण्यात विरघळून तो बाहेर येतो, जुन्या स्लॅबच्या खाली गळतीच्या जागी पांढरे ओघळ दिसतात ना, तोच हा. राखेतली सिलिका त्या चुन्याला धरते आणि त्याचा आणखी जेल करते. जिथे बारीक पोकळ्या राहिल्या असत्या तिथे जेल भरतो, काँक्रीट आतून गच्च होतं. यात नवीन काही नाही, आपले जुने मेस्त शिंपले भाजून केलेल्या चुन्यात सुर्खी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड घालायचे, तेही हेच रसायन. रोमन लोकांनी ज्वालामुखीची राख घालून समुद्रात बंदरं बांधली, तेही हेच. अमेरिकेत हंग्री हॉर्स धरणात कोळशाची राख वापरली, ते धरण १९५३ ला पूर्ण झालं. आपल्या शेजारी महाराष्ट्रात घाटघरचं धरण घ्या, तिथल्या रोलरने दाबलेल्या काँक्रीटमध्ये सिमेंटपेक्षा राख जास्त आहे, हो, सिमेंटपेक्षा जास्त. आणि गल्फात ज्यांच्या घरचं कोणी ना कोणी आहे अशा गोंयकारांसाठी सांगते, बुर्ज खलिफा ज्या पाइलवर उभा आहे त्या काँक्रीटमध्ये २५ टक्के फ्लाय ॲश आहे. तिथल्या जमिनीखालचं पाणी भयंकर खारं, सळी खाऊन टाकणारं, म्हणून मुद्दाम घातली, पैसे वाचवायला नव्हे.

आणि हाच मुद्दा गोव्याला लागू. आपली इमारत ताकद कमी पडून मरत नाही हो, ती गंजून मरते. मिरामार, कळंगुट, बायणा, कुठेही जा, दहा-पंधरा वर्षांच्या बिल्डिंगीच्या बाल्कनीखाली बघा, आधी रंगाला फोड, मग पापुद्रा, मग एक लांब चीर, आणि एक दिवस काँक्रीटचा तुकडा खाली आणि आत तांबडी सळी. मीठ हवेतून येतं, पाण्याबरोबर काँक्रीटमध्ये झिरपत झिरपत सळीपर्यंत पोचतं, आणि गंज चढला की तो मूळ लोखंडापेक्षा दुप्पट-तिप्पट काय, सहापटही जागा मागतो. पणजीने हे ५ जुलै १९८६ ला बघितलंय, मांडवीचा जुना पूल कोसळला, वीस वर्षंसुद्धा टिकला नाही. चांगली राख घालून, नीट भिजवून केलेलं काँक्रीट मिठाला आत यायला वाट देत नाही, शिवाय राखेतली ॲल्युमिना मिठातलं क्लोराइड थोडंफार बांधून ठेवते. आम्ही आरसीपीटी नावाची टेस्ट करतो, काँक्रीटच्या चकतीतून सहा तास वीज सोडायची आणि किती गेली ते मोजायचं, जितकी कमी तितकं बरं. नुसत्या ओपीसीची चकती आणि नीट भिजवलेली राखेची चकती, दोन्ही तीन महिन्यांच्या, शेजारी शेजारी लावा, राखेची बहुतेक वेळा स्पष्ट पुढे असते. त्यामुळे समुद्रकाठच्या माणसानेच राखेवर बंदी मागावी हे मला जरा उलटंच वाटलं.

आता दुसरी बाजू, कारण राखेचं सगळं गोडच आहे असं लिहिलं तर मीही एखाद्या कंपनीची सेल्सवुमन व्हायची.

राख हळू चालते. वर सांगितलं ते चुन्याला धरायचं काम पहिल्या आठवड्यात फारसं होतच नाही, आधी सिमेंटने चुना तयार करायचा, मग राखेने तो घ्यायचा. माझ्या टेबलावर हे कसं दिसतं ते सांगते. दीडशे मिलीमीटरचा क्यूब, वर मार्करने साइटचं नाव, तारीख आणि ग्रेड. टाकीतून काढायचा, पुसायचा, वजन करायचं, मशीनच्या प्लेटांमध्ये मधोमध ठेवायचा आणि भार हळूहळू वाढवत न्यायचा. एम २५ चा क्यूब २८ दिवसांनी साडेपाचशे किलोन्यूटनच्या पुढे गेला पाहिजे. साध्या ओपीसीचा क्यूब सात दिवसांतच त्याच्या दोन तृतीयांशापर्यंत येतो, काटा बघत आपण निवांत असतो. राखेचा क्यूब मात्र सात दिवसांना त्याच्या बराच आधीच कुरकुरायला लागतो, कडेने बारीक चिरा, कोपरे सुटतात, आणि फट. रिपोर्ट गेला की पात्रांवचा, म्हणजे कामाच्या मालकाचा, फोन, मॅडम, सिमेंट डुप्लिकेट आहे, मी प्लांटचं पेमेंट थांबवतो. थांबवा, पण जरा २८ दिवस थांबा. त्याच बॅचचा क्यूब २८ दिवसांना बरोबरीला येतो आणि ५६ किंवा ९० दिवसांना ओपीसीच्या पुढे निघून जातो. तेव्हा तो फोडला की आतली खडीसुद्धा तुटलेली दिसते, कारण पेस्ट सोडतच नाही. एक म्हातारे मेस्त आमच्याकडे क्यूब घेऊन येतात, ते म्हणतात, "राख घातली की काँक्रीट आळशी होता गो बाय." बरोबर आहे त्यांचं. आळशीच असतं, आणि आळशी माणसाला घाईच्या कामाला लावलं की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

आणि आपलं सगळं काम घाईचं. दिवाळी झाली की पायाभरणी, पावसाच्या आत स्लॅब पडला पाहिजे, आणि घरवाल्याला चवथ नव्या घरात करायची असते, मग सगळ्यांच्या मागे नुसती लगीनघाई. सेंट्रिंगवाल्याच्या प्लेटा दुसऱ्या साइटवर ठरलेल्या, त्यामुळे टेकू लवकर काढायचे. आयएस ४५६ मध्ये टेकू काढायच्या दिवसांचा तक्ता आहे, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला सात दिवस, त्याहून लांब स्लॅबला चौदा, सहा मीटरपर्यंतच्या बीमला चौदा आणि त्यावरच्याला एकवीस. पण तो तक्ता साध्या ओपीसीचा आहे! पीपीसी किंवा राखेचं काँक्रीट असेल तर दिवस वाढवावे लागतात असं तिथेच लिहिलंय, आणि ती ओळ साइटवर कोणीच वाचत नाही. मग बीम मधोमध वाकतो, चीर जाते, आणि बोल लावतात राखेला.

पाण्याचं तर विचारूच नका. साध्या सिमेंटला कमीत कमी सात दिवस ओलं ठेवा म्हणतो कोड, आणि राख किंवा मिश्र सिमेंट असेल तर कमीत कमी दहा, शक्य तर चौदा. राखेला पाणी हे चैनीचं नाही हो, तिचं सगळं काम पाण्यातच होतं, वरचा पोपडा सुकला की तिथली राख तशीच बसून राहते, नुसती भरती. आणि सळीचं कव्हर म्हणजे नेमका हाच वरचा दोन बोटांचा थर. साइटवर एप्रिल-मेमध्ये टँकरचा दर बघून पाणी मारतात, स्लॅबवर सिमेंटचे बांध घालून पाणी साठवतात तेही पहिले तीन-चार दिवस, नंतर वॉचमन सकाळी एकदा पाइप फिरवतो, दुपारी बाराला वर जाऊन बघा, सुकून पांढरा झालेला असतो. कॉलमला गोणपाट गुंडाळतात ते फोटो काढण्यापुरतं, हात लावून बघितलं तर सुकं खणखणीत. आणखी एक, राखेच्या काँक्रीटवर पाणी वर कमी सुटतं, त्यामुळे मेच्या उन्हावाऱ्यात ताज्या स्लॅबचं तोंड पटकन सुकून केसासारख्या चिरा जातात, तेव्हा फिनिशिंग झालं की लगेच प्लास्टिक टाकायचं, संध्याकाळी बघू असं नाही. किनाऱ्याजवळच्या कितीतरी विहिरी मे महिन्यात मचूळ होतात, ते पाणी सर्रास क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायला, आणि कधी मिक्सिंगलासुद्धा वापरतात. आरसीसीच्या, म्हणजे सळी घातलेल्या काँक्रीटच्या, पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं असं कोड सांगतो, ती टेस्ट अगदी स्वस्त आहे, टाइल्स निवडायला पणजी-मडगाव फिरताना जेवढं पेट्रोल जळतं तेवढ्यात होऊन जाईल.

इथे मला माझ्याच धंद्याबद्दल पण बोलायचंय. माझ्या टाकीतला क्यूब २८ दिवस २७ डिग्रीच्या पाण्यात मजेत पडलेला असतो. तुमचा स्लॅब उन्हात. क्यूब पास झाला याचा अर्थ एवढाच की प्लांटवरून आलेला माल चांगला होता, त्याला नीट सांभाळला असता तर एवढी ताकद आली असती. साइटवर काय सांभाळला ते क्यूब सांगत नाही. साध्या काँक्रीटला हे अंतर तेवढं बोचत नाही, राखेच्या काँक्रीटला बोचतं. त्यामुळे क्यूबचा हिरवा शिक्का बघून निश्चिंत होणाऱ्या फ्लॅटवाल्यांनो, जरा जपून.

अजून एक खरा धोका आहे तो सांगते. काँक्रीटमधला चुना नुसता बेकार बसलेला नसतो, त्याच्यामुळे आतलं वातावरण अल्कलीचं राहतं आणि त्यात सळी गंजत नाही. राख तो चुना खाते. काँक्रीट गच्च झालं असेल तर हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरतच नाही, मग चुना थोडा कमी असला तरी चालतं. पण राख जास्त, पाणी मारलेलं नाही आणि कव्हर पातळ, असं तिन्ही जमलं तर मात्र तो कार्बन डायऑक्साइड साध्या सिमेंटपेक्षाही लवकर सळीपर्यंत पोचतो. म्हणून घरगुती कामाला २० ते ३५ टक्क्यांच्या पुढे जाऊ नये असं माझं मत, धरणाचं उदाहरण घेऊन घराच्या कॉलमात निम्मी राख ओतू नये, धरणाच्या पोटात सळी नसते. आणि कव्हर! समुद्राच्या हवेत उघडं असलेल्या आरसीसीला कोड 'सिव्हिअर' म्हणतो, एम ३० ग्रेड आणि ४५ मिलीमीटर कव्हर. आणि आपल्याकडे कव्हर ब्लॉकच्या जागी खडीचे तुकडे सारलेले मी स्वतः बघितलेत, तेसुद्धा समुद्र दिसतो म्हणून जाहिरात केलेल्या प्रोजेक्टवर.

ज्यांनी फोन केले त्यांना एवढंच सांगते की घट्ट झालेल्या जुन्या स्लॅबमध्ये राख किती टक्के हे शोधून काढणं कटकटीचं आहे आणि कळून फायदाही नाही. त्यापेक्षा कार्बोनेशनची टेस्ट करून घ्या. काँक्रीटचा ताजा तुकडा फोडायचा आणि फिनॉल्फ्थॅलिन फवारायचं, जिथे चांगलं आहे तिथे गडद गुलाबी होतं, जिथे हवा शिरली तिथे रंगच येत नाही. बिनरंगाची पट्टी सळीपर्यंत आली असेल तर काळजीचं, नसेल तर शांत झोपा. जोडीला कव्हर मीटर फिरवून घ्या आणि समुद्राजवळ असाल तर क्लोराइड.

फसवणूक होतच नाही असं नाही. होते, पण दुसरीकडे. एक म्हणजे पीपीसीच्या गोणीत आधीच राख असताना वर आणखी राख ढकलायची, हा डबल डोस, याला माझा ठाम विरोध आहे. राख वेगळी घालायची तर ओपीसीतच. दुसरं म्हणजे फ्लाय ॲशच्या नावाखाली वीज केंद्राच्या तलावातली ओली राख किंवा भट्टीच्या तळाची भरड आणायची, ती भरावाला, विटांना ठीक, सिमेंटच्या जागी नाही. चांगली राख फिकट राखाडी असते, दोन बोटांत चोळली की कण लागत नाही. काळपट असेल तर तिच्यात न जळलेला कोळसा आहे, तो ॲडमिक्श्चर, म्हणजे काँक्रीटमध्ये घालायचं रसायन, पिऊन टाकतो आणि स्लॅब घोटताना काळे डाग बनून वर तरंगतो. जाळून पाहिल्यावर वजनात ५ टक्क्यांहून जास्त घट येता कामा नये, हे आयएस ३८१२ मध्ये आहे. आणि तिसरी, माझ्या मते सगळ्यात मोठी, ती पैशाची. राख सिमेंटपेक्षा कितीतरी स्वस्त. प्लांटवाल्याने ३० टक्के सिमेंट वाचवलं तर तो दरात दिसायला नको? त्या पत्रलेखकाने इथे बोट ठेवलं असतं तर मीही त्यांच्या बाजूने उभी राहिले असते. ट्रान्झिट मिक्सर आला की ड्रायव्हरकडे बॅच स्लिप असते, त्यावर सिमेंट किती किलो, राख किती, स्लॅग किती, पाणी किती, सगळं छापलेलं असतं. मागा ती. बहुतेक घरवाले ड्रायव्हरला चहा देतात आणि स्लिप न वाचताच सही करतात.

आता राजकारणाचा भाग, कारण त्या पत्रात शेवटी 'गोव्यात कोळसा नको म्हणणाऱ्यांनी कोळशाची राख का खपवून घ्यावी' असं होतं. वास्कोच्या लोकांना कोळशाच्या धुळीचा किती त्रास आहे ते मला सांगायला नको, २०२० मध्ये चांदरला कोळशासाठीच्या रेल्वे दुपदरीकरणाविरुद्ध लोक रात्रभर रुळावर बसले होते आणि माझी सहानुभूती तेव्हाही त्यांच्याकडेच होती, आजही आहे. पण मुरगाव बंदरातून जाणारा कोळसा मुख्यतः कर्नाटकातल्या स्टील प्लांटना जातो, तिथून राख नाही, स्लॅग निघतो, तो वेगळा विषय. राख येते वीज केंद्रातून आणि गोव्यात कोळशावरचं एकही वीज केंद्र नाही. नाही म्हणून आपण स्वच्छ आहोत असं आपल्याला वाटतं. आपला एसी चालतो तो कोरबा, विंध्याचल, रामागुंडम अशा ठिकाणच्या विजेवर. राख तिथे पडते. सिंगरौली भागात, जिथे विंध्याचलचं केंद्र आहे, एप्रिल २०२० मध्ये एका प्रकल्पाचा राखेचा बांध फुटून माणसं वाहून गेली, मेली. राखेत आर्सेनिक, शिसं, पारा यांचा अंश असतो, उघड्या तलावात ती झिरपते, उन्हाळ्यात गावांवर उडते. काँक्रीटमध्ये ती बांधली जाते. मग वीज आपण वापरायची, राख त्यांच्या शेतात आणि आपल्या स्लॅबला मात्र 'शुद्ध' सिमेंट पाहिजे, हे मला पटत नाही. शिवाय शुद्ध सिमेंटही काही पुण्याने तयार होत नाही, चुनखडी १४५० डिग्रीला भाजून क्लिंकर करतात आणि टनामागे पाऊण टनाच्या वर कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि ती भट्टीही बहुतेक कोळशावरच चालते.

हां, राख हाताळणाऱ्या कामगारांचा प्रश्न खरा आहे. बल्कर, म्हणजे राखेचा बंद टँकर, रिकामा करताना जी धूळ उडते ती फुप्फुसाला वाईट, आणि तिथे तोंडाला गमछा बांधून उभी असलेली पोरं दिसतात, मास्क नाही. बंदी मागायची तर तशा कामावर मागा.

मला सरकारकडून आणि पीडब्ल्यूडीकडून काय हवंय ते सांगते. टेंडरमध्ये राखेचं काँक्रीट असेल तर ५६ दिवसांची ताकद मान्य करा म्हणजे सात दिवसांच्या रिपोर्टवरून भांडणं होणार नाहीत, पण त्याच्या बदल्यात चौदा दिवस क्युरिंगची रोजची नोंद मागा, फोटोसकट, आणि क्युरिंगचं बिल वेगळं द्या, कारण आज ते दरात 'समाविष्ट' असतं आणि समाविष्ट म्हणजे कोणीच करत नाही. स्लॅबच्या शेजारी, त्याच उन्हात आणि त्याच पाण्यात ठेवलेले दोन-तीन जादा क्यूब प्रत्येक कामावर फोडून घ्या, टेकू कधी काढायचे ते त्यांच्यावरून ठरवा. खाजगी इमारतींना ऑक्युपन्सी देताना बॅच स्लिपांची फाइल आणि पाण्याच्या क्लोराइडचा रिपोर्ट जोडायला लावा. पंचायतीला हे जड जाईल म्हणतील, पण तिथे घरपट्टीच्या पावतीपासून कशाकशाचे कागद मागतात ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

आणि फर्मागुडीच्या इंजिनीअरिंग कॉलेजला एक विनंती. राख काही कायम पुरणार नाही, ब्रिटनने ३० सप्टेंबर २०२४ ला आपलं शेवटचं कोळशाचं वीज केंद्र बंद केलं, उद्या आपल्याकडेही कमी होतील आणि व्हावीतच. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी वापरून केलेल्या सिमेंटला आपल्याकडे २०२३ मध्ये आयएस १८१८९ हे स्टँडर्ड आलंय. आपल्या जांभ्याखाली पांढरट चिकणमातीचे थर ठिकठिकाणी लागतात, विहीर खणणाऱ्याला विचारा. ती माती या कामाला चालते काय, किती डिग्रीला भाजायची, हे एखाद्या फायनल इयरच्या ग्रुपला प्रोजेक्ट म्हणून द्या. क्यूब आमच्याकडे आणा, फोडून देते, त्याचे पैसे घ्यायचे नाहीत असं साहेबांना सांगून ठेवलंय.

आपली,
एक वाचक, फोंडा